अरबस्तानाकडे पाठ

चौऱ्याहत्तर साली आष्ट्याच्या हंबीरराव हवालदारांच्या घराने आपली नेहमीची बोट कंपनी सोडली आणि उन्हाळ्याची सुट्टी दुसऱ्याच कंपनीच्या बोटीत घालवली.

असं काही झालेलं नाही. घरात कुणालाही विचारा. थोरला केरबा म्हणेल, त्या साली उसाला पाणी द्यायचं होतं, आमी गेलोच न्हाई. धाकटा जोतिबा म्हणेल, बँकेत ऑडिट होतं. सुना म्हणतील, आम्हाला बोट लागते, आम्हाला काय विचारता. आणि हवालदारांच्या बायको चंद्राबाई काहीच म्हणणार नाहीत, त्या चहा ठेवायला उठतील. तेव्हा न झालेली गोष्ट सांगायची तर औंधपासून सुरुवात करावी लागते, कारण औंधला सगळे गेले होते एवढं तरी सगळ्यांना मान्य आहे.

आष्ट्याहून गोवा जवळ. म्हणूनच हे घर दर मे महिन्यात आधी उलट दिशेला मुंबईला जायचं, भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, पणजीला उतरायचं आणि मिळेल त्या एस.टी.ने घरी परतायचं. गोव्यात काय पाहिलं विचारलं तर स्टँड पाहिला. सुट्टी म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे नवस. लढाईच्या दिवसांत फौजेच्या जहाजातून बसऱ्याला जाताना, पोटात काहीही शिल्लक उरलेलं नसताना, हंबीरराव औंधच्या यमाईला बोलले होते : जित्ता परत आलो तर दर साली बायकापोरं घेऊन बोटीत बसीन. पलटणीत बाकीच्यांनी दारू सोडायचे नवस बोलले आणि ते मोडून सुखी झाले. डोंगरावरच्या देवीला समुद्राचा नवस बोलणारा, आणि ज्याने जीव जायची वेळ आली तेच दरसाल करीन म्हणणारा जवान पलटणीत एकच.

फौजेच्या जहाजाचं धुराडं लाल होतं. गोव्याच्या एका कंपनीच्या बोटीचं धुराडं लाल होतं. हंबीररावांना एवढा पुरावा पुरला. तेव्हापासून घराची कंपनी ठरली ती ठरली.

ही लाल धुराड्याची बोट वाटेत देवगडला थांबायची. देवगडला शालू होती.

शालू ही हंबीररावांची लेक. मिरजेला नर्सिंग शिकायला ठेवली होती, तिथे तिने देवगडच्या एका कंपाउंडरशी रजिस्टर लग्न केलं आणि घरी निरोप पाठवला. हंबीरराव निरोप ऐकून "बरं" म्हणाले आणि उसात निघून गेले. बास, एवढंच. बंदी नाही, शपथ नाही. पण घराने त्या 'बरं'चा अर्थ लावला, आणि सहा वर्षं त्यांच्यासमोर तिचं नाव निघालं नाही.

आता औंध.

डोंगरावर नैवेद्य दाखवून सगळे खाली तळ्याकाठच्या पिंपळाखाली जेवायला बसले होते. आणलं होतं रामगोंडाने, आपल्या टेम्पोतून. रामगोंडा आष्ट्यातला जैन व्यापारी, हंबीररावांच्या घराबरोबर दरसाल बोटीला येणारा, आणि आता निळ्या धुराड्याच्या नव्या कंपनीची एजन्सी घेतलेला. टेम्पोचं भाडं त्याने घेतलं नव्हतं, तेव्हाच केरबाला शंका आली होती.

"हवालदार, खुर्ची हाय बघा," रामगोंडा म्हणाला. "माणशी एक. गादीची. रेललं की मागं जाती."

"कुठवर?" हंबीररावांनी विचारलं.

"म्हंजे?"

"मागं कुठवर जाती? बोटीत मागं समुद्र आस्तो."

"आवं, तेवढी न्हाई जात. आनि भटारखाना सवता. शाकाहारी. लाल बोटीत आमच्या पद्मावतीला मासळीच्या वासानं डोळं मिटून बसावं लागायचं."

"वासाला डोळं कशाला मिटायचं रं?" केरबा म्हणाला.

"नाक मिटत न्हाई म्हणून, गड्या."

जोतिबाने खिशातून कंपनीचं चित्राचं पत्रक काढलं आणि पोळीच्या टोपलीवर पसरलं. तो सांगलीला विश्रामबागेत राहायचा, बँकेत होता आणि बोलताना अधूनमधून मुद्दे काढायचा. "आमचे साहेब जाऊन आले ह्या बोटीनं. पंखे आहेत. सतरंजी टाकून जागा धरायची भानगड नाही. आबा, काळ बदलला."

"बदलू दे की. मी धरलाय व्हय त्याला?" हंबीरराव म्हणाले. ते जेवताना दोनदा उठले होते, एकदा पाण्यासाठी आणि एकदा, तांब्या समोरच असल्याचं कळल्यावर, बसण्यासाठी.

"आनि मुख्य म्हंजे," रामगोंडाने शेवटचा माल बाहेर काढला, "कुठं थांबत न्हाई. रत्नागिरी न्हाई, देवगड न्हाई, मालवण न्हाई. मुंबई सुटली की थेट पणजी."

चंद्राबाईंच्या हातातली तुपाची वाटी पोळीवर तिरकी झाली आणि तशीच राहिली. तूप पोळीवरून पत्रावळीवर आलं, पत्रावळीवरून मातीत गेलं. कुणी "पुरे" म्हणेना. रामगोंडाला आपण काय बोललो ते कळलं. सावरायला म्हणून तो म्हणाला, "तसं पाणी काय, सगळीकडं सारखंच."

"मला न्हाई सोसायची ती बोट," चंद्राबाई म्हणाल्या.

"का गं आई?"

"मला निळा रंग सोसत न्हाई."

सगळ्यांनी त्यांच्या अंगावरच्या इरकली लुगड्याकडे पाहिलं. ते पदराच्या काठापर्यंत निळं होतं.

"हे जुनं निळं हाय," त्या म्हणाल्या.

केरबाने आईची बाजू उचलली. खरं कारण तोंडातून काढायचं नव्हतं, म्हणून त्याने हाताला लागेल ते धरलं. "लाल बोटीचा सारंग आपल्याला वळखतो. दरसाल गुळाची ढेप देतोय त्याला. ती वळख वाया घालवायची?"

"निळ्या बोटीच्या सारंगाला बी तोंड आसंल की," त्याची बायको बनुबाई म्हणाली. केरबाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू बैलाने नांगर उलटा ओढला. बनुबाई मान खाली घालून म्हणाली, "मला आपली खुर्ची बरी वाटती."

म्हणजे आई आणि थोरला लाल, धाकटा आणि दोन्ही सुना निळ्या. हंबीरराव कशातच नाहीत. ते पिंपळाभोवती फिरत होते. लोक पिंपळाला प्रदक्षिणा घालतात ती एका दिशेने. हवालदार मधेच थांबून उलटे फिरत होते, त्यामुळे पुण्याचा हिशेब शून्यावर येत होता.

"गुरवाला इचारून येतो," ते एकाएकी म्हणाले. "नवसाची बोट बदलाय चालती का." आणि जेवलेल्या पोटाने परत डोंगराच्या पायऱ्या चढायला लागले.

धाकटी सून राही भांडी घेऊन तळ्यावर गेली. तिच्या लग्नाला अजून वर्ष नव्हतं झालं. ह्या घरात तिला सासू, सासरे, दीर, जाऊ आणि एक मारकी म्हैस एवढे माहीत होते. पण मघाशी तूप सांडलं तेव्हा सगळेच कुणा एका न आलेल्या माणसाला जागा करून दिल्यासारखे सरकून बसले होते, हे तिने पाहिलं होतं.

"आक्का," तिने बनुबाईला विचारलं, "देवगडला कोण आहे?"

बनुबाईने आधी वर डोंगराकडे पाहिलं. हंबीरराव अर्ध्या पायऱ्यांवर ठिपक्याएवढे झाले होते. "तुझी नणंद," ती म्हणाली, आणि परातीला राख लावता लावता सगळं सांगितलं. मिरज, कंपाउंडर, 'बरं'. मग बोटीचं. बोट देवगडपुढं नांगर टाकते. किनाऱ्यावरून होड्या येतात. एका होडीत शालू उभी असते. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कठड्यावरून दोरीला बांधून गाठोडं खाली सोडतात, गूळ, हुलगं, लाडू. खालून ती ओरडते, वरून ह्या ओरडतात. भोंगा होतो. संपलं.

"मग आत्या एस.टी.नं का नाही जात? देवगडला एस.टी. जाते की."

"येडी हाइस. एस.टी.नं गेलं तर ती भेट झाली. बोटीतनं दिसली तर ती दिसली. समुद्रात काय दिसंल त्याला कोन काय करनार?"

"आणि मामंजी?"

"ते दुसऱ्या अंगाला. अरबस्तानाकडं तोंड करून. नांगराची साखळी वाजंस्तवर हलत न्हाईत. मग इचारत्यात, सुटली का? आमी म्हंतो, सुटली. मग वळत्यात."

राही हातातलं पातेलं घासायचं विसरली. "असं असून तुम्ही निळी बोट म्हणालात?"

बनुबाई बराच वेळ एकाच जागी परात घासत राहिली. ती जागा आरशासारखी झाली. "मला बोट लागती गं. सहा वर्सं ती पोर खालनं वरडून इचारती, वैनी, बरी हाइस का? आनि सहा वर्सं मी कठड्याला लोंबकळून वकत आस्ते. एकदा तरी तिला बरी हाय म्हणावं वाटतं. म्हणलं, खुर्चीत बसून गेलं, पंखा आसला, तर..."

"अहो, पण त्या बोटीला ती येणारच नाही ना."

बनुबाईने परात खाली ठेवली. "व्हय की," ती म्हणाली. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं."

दोघी परत आल्या त्या लाल बोटीच्या होऊन.

"मला खुर्ची नको," राहीने जाहीर केलं.

जोतिबा पत्रकातली खुर्ची आपल्या सासुरवाडीला आधीच दाखवून आला होता. "का?"

"खुर्चीत मला जांभया येतात."

"घरी तर तू..."

"घरची खुर्ची चालत नाही. ती एका जागी असते."

जोतिबाने वादात हार मानली नाही, पण पत्रकाची घडी घातली, आणि त्याच्या बाबतीत ते तेच होतं. रामगोंडा एकटा निळा उरला. त्याच्याही बायकोचा, पद्मावतीचा, जीव शालूवर होता. शालूच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या होत्या तिने. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. खरं सांगायचं तर त्या खुर्चीचा खिळा मलाच लागला हुता." चंद्राबाईंनी त्याच्या पत्रावळीवर न विचारता आणखी एक पोळी टाकली. सहा वर्षांत घराचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं. आता फक्त हवालदारांनी हो म्हणायचं होतं, आणि लाल धुराड्याला हवालदार नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

हंबीरराव धापा टाकत उतरले.

"गुरव म्हणला, आईनं नवसात कंपनी मागितली न्हवती." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "रामगोंडा, निळ्या बोटीची तिकिटं काढ."



"आबा, आमी सगळी लाल म्हणतोय," केरबा म्हणाला.

"तुमी म्हणा की."

"आवं," चंद्राबाई म्हणाल्या. त्या चारचौघांत नवऱ्याला कधी प्रश्न विचारत नसत. घरातही विचारायच्या त्या चुलीकडे तोंड करून. इथे चूल नव्हती. "का?"

हंबीररावांनी टोपी घातली, काढली. पोरं, सुना आणि रामगोंडा सगळे एकदम कशात तरी गुंतले. रामगोंडाने तर टेम्पोच्या चाकाशी बोलणं काढलं.

"गेल्या साली," हंबीरराव हळू म्हणाले, "साखळी वाजली म्हणून मी वळलो. वाजली न्हवती. दुसऱ्याच कशाचा तरी आवाज हुता."



"पोर वर धरलं हुतं तिनं. दोनी हातांनी. ढेप धरावी तसं. माझ्याकडं."

"तुमच्याकडं न्हवं. मला दावत हुती."

"आसंल. पर मी बी त्याच रेषेत हुतो."

"मग?"

"मग काय मग. पाठ करून बसायला आता जमायचं न्हाई. आनि तोंड करून बसायची सवय न्हाई." ते चिडल्यासारखे झाले. "सहा वर्सं ज्याच्याकडं पाठ केली त्याच्याफुडं एकदम जाऊन काय म्हणायचं माणसानं? राम राम? त्यापरास थांबतच न्हाई आसली बोट बरी. कुनाला वळाय नगं, कुनाला बघाय नगं."

"आनि मी?"

 लढाईत अडलं की हवालदार खंदक खणायचे. इथे ते टेम्पोत जाऊन बसले.

चंद्राबाईंनी उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या. गाठ मारली, सोडली, परत मारली.

"बरं," त्या म्हणाल्या.

घराला ह्या शब्दाची धास्ती होती. राहीलाही, आता माहीत झाल्यामुळे.

इथून पुढचं तर अजिबातच झालेलं नाही.

निळी बोट पत्रकात होती तशीच होती, हा तिचा पहिला दोष. खुर्च्या जमिनीला खिळवलेल्या, सगळ्या समोर तोंड करून. माणसाने ठरवलं तरी अरबस्तानाकडे बसता येईना. मान वळवली की शेजारचा म्हणे, काय पाहिजे? जोतिबाची खुर्ची मागे गेली ती पुढे येईना, आणि तो आडवा पडूनच सगळ्यांना सोय किती आहे ते सांगत राहिला. बनुबाईला बोट लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पोट शांत होतं, आणि ह्या शांततेचा तिला राग येत होता. पंखा फिरत होता. करायला काही नव्हतं. सतरंजी नाही, स्टोव्ह नाही, जागेवरून भांडण नाही. केरबाने तीनदा उगाच पिशव्या मोजल्या आणि दर वेळी एक जास्त भरली.

ती जास्तीची पिशवी चंद्राबाईंच्या मांडीवर होती. गूळ, हुलगं, लाडू आणि वर तांबड्या छिटाची एक कुंची, लहान डोक्याची.

"आत्या, हे कुणाला?" राहीने विचारलं, माहीत असून.

"सवय हाय, भरलं."

सकाळी ऊन वर आल्यावर डाव्या अंगाला किनारा दिसायला लागला. मग खडकावरचं दीपगृह. लाल बोट असती तर एव्हाना भोंगा झाला असता, इंजिन मंदावलं असतं. निळ्या बोटीचं इंजिन आपलं धडधडत राहिलं. पाण्यावर लांब काही होड्या होत्या, मासळीच्या असतील.

"लाल बोट काल येऊन गेली आसंल," चंद्राबाई समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "ती आली आसंल होडीत. कठड्यावरची समदी तोंडं बघत बसली आसंल. पोराला घिऊन."

हंबीरराव उठले. सकाळपासून ते इतक्या वेळा उठले होते की कुणी लक्ष दिलं नाही. पण ह्या वेळी ते उजवीकडे गेले नाहीत. डाव्या कठड्याशी गेले, किनाऱ्याकडे तोंड करून परेडला उभे राहावं तसे उभे राहिले. दीपगृह समोर आलं. मग थोडं मागे गेलं. मग त्यांनी जवळून जाणाऱ्या पांढऱ्या कपड्यातल्या अधिकाऱ्याचा दंड धरला.

"थांबवा."

"काय?"

"बोट. थांबवा. देवगड चाललं."

"बाबा, ही बोट इथे थांबत नाही."

"म्हाईत हाय. म्हणूनच काढली हुती तिकिटं. आता थांबवा."

अधिकारी चांगला माणूस होता. त्याने घाईच्या माणसाशी बोलायची सरकारी रीत वापरली. "असं तोंडी नाही होत. लेखी द्या, कप्तानसाहेबांकडे पाठवतो."

हे ऐकून हवालदार शांत झाले. लेखी म्हणजे होण्यासारखं काहीतरी. "जोतिबा," ते कठडा न सोडता ओरडले, "पेन घिऊन ये!"

जोतिबाला खुर्चीतून केरबा आणि राही अशा दोघांनी ओढून काढलं. पत्रकाच्या मागची कोरी बाजू त्याने कठड्यावर धरली. ती वाऱ्याने फडफडायला लागली, तेव्हा बनुबाईने एका बाजूने आणि रामगोंडाने दुसऱ्या बाजूने दाबून धरली. स्वतःच्याच कंपनीविरुद्धच्या अर्जाला एजंटाने हात लावल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

हंबीरराव सांगत गेले, जोतिबा बँकेच्या भाषेत उतरवत गेला. दीपगृह करंगळीएवढं झालं.

"आबा, कारण लिहावं लागेल," जोतिबा म्हणाला. आणि मग त्याला कळलं आपण काय विचारलं ते. पेन थांबलं. चंद्राबाई मागे येऊन उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून.

हंबीररावांनी किनाऱ्यावरची नजर काढली नाही.

"लिही," ते म्हणाले. "शालू."

मा. कप्तानसाहेब,
निळ्या धुराड्याची बोट, मुक्काम समुद्र, यांसी.

विषय : देवगड येथे थांबणेबाबत.

महोदय,

अर्जदार निवृत्त हवालदार असून कुटुंबासह आपल्या बोटीत आहे. कारण, अर्जदाराची मुलगी सौ. शालू व नातवंड देवगड येथे राहतात. तरी बोट त्वरित थांबवण्यात यावी. थांबवणे नियमात बसत नसल्यास मागे घेण्यात यावी. मागे घेणे शक्य नसल्यास देवगड बंदर, दीपगृह व होड्यांसह, पणजी येथे आणून ठेवण्यात यावे. उतरवून घेण्यास दोन मुलगे, दोन सुना व एक एजंट हजर आहेत. निर्णय होईपर्यंत अर्जदार डाव्या कठड्याशी उभा राहील. त्याची पाठ अरबस्तानाकडे आहे. हे सदर मुलीस किनाऱ्यावरून दिसेल इतपत बोट जवळून नेण्यात यावी, ही नम्र विनंती.